दूरसंचार कंपनीची ऑनलाइन भरती परीक्षा: अभियांत्रिकी पदवीधरांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही परीक्षा नेमके काय तपासते?

दूरसंचार कंपनीला नव्या पदवीधराकडून तयार तज्ज्ञाची अपेक्षा नसते. बेस स्टेशन कसे कार्यान्वित करायचे, नेटवर्कमधील बिघाड कसा शोधायचा, कोणत्या उत्पादकाच्या उपकरणाला कोणत्या आज्ञा द्यायच्या, हे सारे कंपनी नेमणुकीनंतर शिकवतेच. परीक्षेतून तिला दोन गोष्टी जाणून घ्यायच्या असतात. पदवीच्या अभ्यासक्रमातील मूलभूत संकल्पना उमेदवाराला खरोखर उमगल्या आहेत का, ही पहिली; आणि मोजक्या वेळात त्या संकल्पना वापरून तो अचूक उत्तरापर्यंत पोहोचू शकतो का, ही दुसरी. म्हणूनच प्रश्न बहुधा फार अवघड नसतात, पण त्यांचे चुकीचे पर्याय अतिशय विचारपूर्वक निवडलेले असतात. सूत्र पाठ आहे परंतु त्यातील एकक कळलेले नाही, अशा उमेदवाराला जे उत्तर मिळेल ते पर्यायांमध्ये हटकून दिलेले असते. त्यामुळे थोडे विषय खोलवर करणे हे पुष्कळ विषय वरवर चाळण्यापेक्षा केव्हाही श्रेयस्कर आहे, असे माझे ठाम मत आहे, आणि पुढील सर्व उत्तरे याच मतावर आधारलेली आहेत.

परीक्षेत कोणकोणते विभाग असतात?

रचना कंपनीगणिक बदलते. तरीही संख्यात्मक क्षमता, तर्कक्षमता, भाषा आणि तांत्रिक विषय हे चार विभाग बहुतेक ठिकाणी आढळतात. सॉफ्टवेअरशी संबंधित पदांसाठी प्रत्यक्ष प्रोग्राम लिहिण्याचा विभाग जोडलेला असतो, तर काही कंपन्या स्वभाव आणि कार्यशैलीविषयीची प्रश्नावलीही देतात. आपल्या परीक्षेत यांपैकी काय आहे, हे निमंत्रणाच्या ईमेलमध्ये आणि पदाच्या वर्णनात लिहिलेले असते, पण बरेच उमेदवार त्यावरून नुसती नजर फिरवतात. पद रेडिओ नियोजनाचे असेल तर प्रसरण (रेडिओ लहरी कशा पसरतात), अँटेना आणि मॉड्युलेशन (माहिती लहरीवर चढवण्याची पद्धत) यांवर भर असणार. पद आयपी नेटवर्कचे असेल तर राउटिंग आणि सबनेटिंगवर (नेटवर्कच्या पत्त्यांचे छोटे गट पाडणे). पद ट्रान्समिशनचे असेल तर ऑप्टिकल फायबर आणि मल्टिप्लेक्सिंगवर. पदाचे वर्णन शब्दशः वाचून त्यातील प्रत्येक तांत्रिक संज्ञा कागदावर उतरवावी आणि ती आपल्याला तीन-चार वाक्यांत समजावून सांगता येते का, ते तपासावे. अभ्यासाची यादी त्यातूनच तयार होते.

मी इलेक्ट्रॉनिक्स शाखेचा नाही. मला ही परीक्षा जमेल का?

जाहिरातीतील पात्रतेच्या अटीत आपली शाखा असेल, तर निःसंकोच बसावे. संगणकशास्त्राच्या पदवीधराला नेटवर्किंग आणि प्रोग्रामिंगचा पाया आधीच मिळालेला असतो. त्याला सिग्नल आणि मॉड्युलेशन नव्याने समजून घ्यावे लागतात. विद्युत अभियांत्रिकीच्या पदवीधराची स्थिती नेमकी उलट असते. इतर शाखांच्या उमेदवारांनी तांत्रिक विभागातील सर्व काही पकडण्याचा प्रयत्न सोडून डेसिबल, सॅम्पलिंग, सबनेटिंग आणि प्रोटोकॉलचे स्तर एवढेच आधी पक्के करावे, कारण कमी वेळात सर्वाधिक परतावा येथेच मिळतो.

अभ्यासाची सुरुवात कुठून करावी?

काहीही न वाचता, घड्याळ लावून, एक पूर्ण नमुना परीक्षा सोडवावी. गुण किती मिळाले याला या टप्प्यावर महत्त्व नाही. चुका कोणत्या प्रकारच्या आहेत, याला आहे. काही प्रश्न संकल्पनाच माहीत नसल्यामुळे चुकतात, काही संकल्पना माहीत असूनही आकडेमोडीत चुकतात, आणि काही प्रश्न केवळ वेळ न उरल्यामुळे राहून जातात. या तिन्हींचे उपाय वेगवेगळे आहेत. पहिल्या प्रकारासाठी पाठ्यपुस्तक उघडावे लागते, दुसऱ्यासाठी कागदावर हाताने उदाहरणे सोडवावी लागतात, आणि तिसऱ्यासाठी वेळ लावून सराव करण्याखेरीज मार्ग नाही. हे वर्गीकरण न करता जो केवळ नमुना परीक्षांमागून नमुना परीक्षा देत राहतो, त्याचे गुण एका पातळीवर येऊन थांबतात आणि ते का थांबले हे त्याला उमजत नाही.

तयारीला किती वेळ द्यावा?

पदवीचे विषय नुकतेच संपलेले असतील आणि रोज दोन-तीन तास मिळत असतील, तर सहा ते आठ आठवडे पुरेसे वाटतात. त्यातील पहिला अर्धा काळ संकल्पनांना आणि दुसरा अर्धा काळ वेळ लावलेल्या सरावाला द्यावा. परीक्षा आठवड्यावर आलेली असेल, तर नवा विषय उघडू नये. जे अर्धवट येते ते पूर्ण करावे.

तांत्रिक विभागात डेसिबलवर इतका भर का असतो?

डेसिबल म्हणजे दोन शक्तींचे गुणोत्तर लॉगरिदमने मांडण्याची पद्धत, आणि दूरसंचारातील रोजच्या कामाचे अंकगणितच डेसिबलमध्ये चालते. प्रेषकाची (ट्रान्समीटरची) शक्ती, अँटेनाचा लाभ (गेन), केबलमधील घट आणि मार्गातील क्षय ही सारी मूल्ये डेसिबलमध्ये घेतली की गुणाकार-भागाकाराऐवजी बेरीज-वजाबाकी करावी लागते. ज्याला हे सहज जमते त्याला लिंक बजेटचा, म्हणजे दुव्यातील लाभ आणि घट यांच्या हिशेबाचा, प्रश्न अर्ध्या मिनिटात सुटतो, आणि ज्याला जमत नाही तो दहाचे घात लिहीत बसतो.

लक्षात ठेवण्यासारख्या गोष्टी थोड्या आहेत. शक्ती दुप्पट होणे म्हणजे सुमारे ३ डेसिबल वाढ, दहापट होणे म्हणजे १० डेसिबल वाढ. डीबीएम म्हणजे १ मिलिवॅटच्या तुलनेत डेसिबलमध्ये मांडलेली शक्ती, म्हणून शून्य डीबीएम म्हणजे १ मिलिवॅट आणि ३० डीबीएम म्हणजे १ वॅट. एवढ्यावरून ४३ डीबीएम म्हणजे किती, हे तोंडी सांगता येते: ४० डीबीएम म्हणजे १० वॅट, त्यात ३ डेसिबल मिळवले की दुप्पट, म्हणजे २० वॅट. आता असे समजा की प्रेषकाची शक्ती ४३ डीबीएम, अँटेनाचा लाभ १७ डेसिबल, केबलमधील घट २ डेसिबल आणि मार्गातील क्षय १४० डेसिबल आहे, तर ग्राहकापर्यंत (रिसीव्हरपर्यंत) पोहोचणारी शक्ती ४३ अधिक १७ वजा २ वजा १४०, म्हणजेच उणे ८२ डीबीएम येते.

या विषयातील सापळेही ठरलेले आहेत. परस्परांशी संबंध नसलेले, प्रत्येकी ३० डीबीएमचे दोन सिग्नल एकत्र आले तर बेरीज ६० डीबीएम होत नाही, ३३ डीबीएम होते. कारण १ वॅट अधिक १ वॅट म्हणजे २ वॅट. डीबीएम ही प्रत्यक्ष शक्ती आहे आणि डेसिबल हे गुणोत्तर आहे, एवढा भेद मनात पक्का असेल तर ही चूक होत नाही. दुसरा सापळा व्होल्टतेचा आहे: शक्तीच्या गुणोत्तरासाठी लॉगरिदमला १० ने गुणतात, तर सारख्याच रोधावरील व्होल्टतेच्या गुणोत्तरासाठी २० ने. तिसरा सापळा मोकळ्या अवकाशातील क्षयाचा: अंतर दुप्पट झाले की क्षय ३ नव्हे, तर ६ डेसिबलने वाढतो, कारण तेथे शक्ती अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते.

दूरसंचाराच्या सिद्धान्तातील आणखी कोणत्या संकल्पना पक्क्या असाव्यात?

सॅम्पलिंगपासून, म्हणजे सिग्नलचे ठरावीक अंतराने नमुने घेण्यापासून, आरंभ करावा. सिग्नलमधील सर्वोच्च वारंवारतेच्या दुपटीहून अधिक वेगाने नमुने घेतले, तर मूळ सिग्नल पुन्हा उभा करता येतो. टेलिफोनवरील आवाजाचा पट्टा साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ इतका असतो. त्यासाठी सेकंदाला ८००० नमुने घेतात आणि प्रत्येक नमुना ८ बिटांत मांडतात, म्हणून एका संभाषणाला सेकंदाला ६४ किलोबिट लागतात. असे ३२ कालखंड एकत्र केले की २.०४८ मेगाबिट प्रति सेकंद हा ई-१ जोडणीचा वेग मिळतो, ज्यात प्रचलित मांडणीनुसार ३० खंड आवाजासाठी, एक समकालनासाठी (दोन्ही टोकांची वेळ जुळवण्यासाठी) आणि एक सिग्नलिंगसाठी (कॉल जोडण्या-तोडण्याच्या संदेशांसाठी) असतो. ही साखळी समजून घेतली तर तीन-चार वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे एकाच तर्काने देता येतात.

त्यानंतर क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये मांडलेले क्षमतेचे सूत्र येते. वाहिनीची क्षमता म्हणजे बँडविड्थ (वारंवारतेच्या पट्ट्याची रुंदी) गुणिले लॉगरिदम. हा लॉगरिदम २ या पायाचा असतो आणि तो ‘एक अधिक सिग्नल-नॉइज गुणोत्तर’ या संख्येचा घ्यायचा असतो. बँडविड्थ १ मेगाहर्ट्झ आणि गुणोत्तर १५ असेल, तर १६ चा लॉगरिदम ४, म्हणून क्षमता ४ मेगाबिट प्रति सेकंद. परीक्षेत मात्र गुणोत्तर डेसिबलमध्ये देतात, आणि तेथेच बरेच उमेदवार अडखळतात. बँडविड्थ ३१०० हर्ट्झ आणि गुणोत्तर ३० डेसिबल दिले असेल, तर आधी ३० डेसिबलचे १००० करावे लागतात. मग क्षमता सुमारे ३०.९ किलोबिट प्रति सेकंद येते. ज्याने ३० हा आकडा तसाच सूत्रात घातला, त्याला सुमारे १५.४ किलोबिट असे उत्तर मिळते, आणि तो आकडाही पर्यायांमध्ये असण्याची शक्यता मोठी असते.

मॉड्युलेशनमध्ये एका चिन्हात किती बिट मावतात, हे समजले पाहिजे. क्वॅम या पद्धतीतील आकडा एकूण चिन्हांची संख्या सांगतो: १६-क्वॅममध्ये ४, ६४-क्वॅममध्ये ६ आणि २५६-क्वॅममध्ये ८ बिट मावतात. म्हणजे चिन्हांचा वेग तोच ठेवून ६४ वरून २५६ वर गेल्यास वेग चौपट होत नाही, केवळ एक तृतीयांशाने वाढतो, आणि त्यासाठी सिग्नलही अधिक स्वच्छ लागतो. ही देवाणघेवाण समजणे सूत्रापेक्षा महत्त्वाचे आहे.

वाहतूक सिद्धान्तावरील प्रश्न कमी येतात, पण आले तर सोपे गुण देऊन जातात. तासाला १२० कॉल आणि प्रत्येक कॉल सरासरी ३ मिनिटांचा असेल, तर भार ३६० मिनिटे भागिले ६०, म्हणजे ६ अर्लांग (वाहतुकीच्या भाराचे एकक) होतो. याचा अर्थ ६ वाहिन्या पुरतील असा मुळीच नाही. कॉल सम प्रमाणात न येता यदृच्छेने येतात, त्यामुळे नाकारल्या जाणाऱ्या कॉलचे प्रमाण सांगणाऱ्या अर्लांग-बी सूत्रानुसार ६ वाहिन्यांवर चारांतील एकाहून अधिक कॉल नाकारले जातील. सरासरी भार आणि आवश्यक क्षमता यांतील हा फरक डॅनिश गणितज्ञ अर्लांग यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी टेलिफोन एक्स्चेंजच्या संदर्भात मांडला, आणि आजही नेटवर्कचे नियोजन त्याच विचारावर उभे आहे.

ऑप्टिकल फायबरविषयी किती माहिती लागते?

प्रकाश गाभ्यात पूर्ण आंतरिक परावर्तनाने का अडकून राहतो, सिंगल-मोड आणि मल्टिमोड यांत काय फरक आहे, आणि क्षय (सिग्नल क्षीण होणे) व विक्षेपण (प्रकाशाचे स्पंद पसरणे) या दोन वेगळ्या मर्यादा कशा आहेत, एवढे स्पष्ट असावे. साध्या सिंगल-मोड फायबरमध्ये १५५० नॅनोमीटर तरंगलांबीला क्षय सर्वांत कमी, किलोमीटरला सुमारे ०.२ डेसिबल असतो, तर विक्षेपण १३१० नॅनोमीटरच्या आसपास शून्याजवळ येते. त्यामुळे ८० किलोमीटर फायबरमध्ये १५५० नॅनोमीटरला सुमारे १६ डेसिबल घट होईल. त्यात जोड आणि कनेक्टर यांची घट मिळवायची, की पुन्हा तेच लिंक बजेट.

नेटवर्किंगमध्ये काय करावे?

सबनेटिंग हाताने करता आले पाहिजे, आणि तेही वेगाने. उदाहरणार्थ, १९२.१६८.१०.७७ हा पत्ता आणि २६ बिटांचा प्रीफिक्स दिला आहे. ३२ मधून २६ वजा केले की ६ बिट उरतात, म्हणजे प्रत्येक गट ६४ पत्त्यांचा. ७७ हा आकडा ६४ ते १२७ या गटात पडतो. म्हणून नेटवर्कचा पत्ता ६४ ने संपतो, ब्रॉडकास्टचा १२७ ने, आणि यंत्रांना देता येण्याजोगे पत्ते ६२ उरतात. असे वीस-पंचवीस प्रश्न वेगवेगळे प्रीफिक्स घेऊन सोडवले की पुढे विचारही करावा लागत नाही.

नेटवर्कचे काम स्तरांत विभागून दाखवणाऱ्या ओएसआय प्रतिमानातील सात स्तरांची नावे सर्वांनाच पाठ असतात. प्रश्न येतो तो कामाविषयी: स्विच कोणत्या पत्त्यावरून फ्रेम पुढे पाठवतो, राउटर कोणत्या पत्त्यावरून, आणि पाकीट एका राउटरवरून दुसऱ्याकडे जाताना कोणता पत्ता बदलतो व कोणता तसाच राहतो. याचे उत्तर असे की पत्त्यांचे भाषांतर (एनएटी) होत नसेल तर उगम आणि गंतव्य यांचे आयपी पत्ते कायम राहतात, मात्र मॅक पत्ते (उपकरणाच्या नेटवर्क कार्डाचे पत्ते) प्रत्येक टप्प्यावर बदलतात. हे एक वाक्य नीट समजण्यासाठी एक संपूर्ण संध्याकाळ दिली तरी ती वाया जाणार नाही. ब्राउझरमध्ये पत्ता टाकल्यापासून पान दिसेपर्यंत डीएनएस (नावावरून आयपी पत्ता शोधणे), एआरपी (आयपी पत्त्यावरून मॅक पत्ता शोधणे), टीसीपीची तीन पायऱ्यांची जोडणी आणि सुरक्षित जोडणी हे सारे कोणत्या क्रमाने घडते, ते कागदावर काढून पाहावे. हरवलेले पाकीट पुन्हा पाठवणारी टीसीपी आणि न पाठवणारी यूडीपी यांतील फरकही उपयोगाच्या अंगाने लक्षात ठेवावा: थेट संभाषणात उशिरा आलेले पाकीट निरुपयोगी असते, म्हणून तेथे पुन्हा पाठवण्याचा खटाटोप करण्यात अर्थ नसतो.

राउटिंगमध्ये सर्वांत लांब जुळणाऱ्या प्रीफिक्सचा नियम आणि डिस्टन्स-व्हेक्टर व लिंक-स्टेट या पद्धतींतील भेद पुरेसा आहे.

मोबाइल नेटवर्कच्या पिढ्यांचा अभ्यास किती खोलात करावा?

प्रत्येक पिढीत अनेक वापरकर्त्यांना एकच स्पेक्ट्रम कसा वाटून दिला, या एकाच प्रश्नाभोवती सारे बसवावे. पहिल्या पिढीत ॲनालॉग तंत्र होते आणि वारंवारता वाटली जात असे. दुसऱ्या पिढीतील जीएसएममध्ये २०० किलोहर्ट्झच्या वाहकावर ८ कालखंड पाडले गेले. तिसऱ्या पिढीतील डब्ल्यूसीडीएमएमध्ये ५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात सर्वजण एकाच वेळी, वेगवेगळ्या कोडने बोलू लागले. चौथ्या पिढीतील एलटीईमध्ये १५ किलोहर्ट्झ अंतरावरील असंख्य उपवाहक आले. अशा १२ उपवाहकांचा मिळून १८० किलोहर्ट्झचा एक रिसोर्स ब्लॉक होतो, आणि २० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात असे १०० ब्लॉक बसतात. पाचव्या पिढीत उपवाहकांमधील अंतर एकच न ठेवता १५, ३०, ६०, १२० किलोहर्ट्झ असे गरजेप्रमाणे निवडता येते.

‘का’ या प्रश्नाचे उत्तर येथे नेहमी जवळ ठेवावे. एलटीईमध्ये बेस स्टेशनकडून फोनकडे ओएफडीएमए (अनेक उपवाहक वापरकर्त्यांत वाटणारी, ओएफडीएमवर आधारलेली पद्धत) आणि फोनकडून बेस स्टेशनकडे एससी-एफडीएमए (एकाच वाहकासारखा सिग्नल ठेवणारा तिचा प्रकार) का वापरतात? कारण ओएफडीएम सिग्नलची सर्वोच्च शक्ती त्याच्या सरासरीपेक्षा पुष्कळ अधिक असते, त्यासाठी प्रवर्धकाला कमी कार्यक्षमतेवर चालवावे लागते, आणि बॅटरीवर चालणाऱ्या फोनला ते परवडत नाही. मोबाइल नेटवर्कची मानके ठरवणाऱ्या थ्रीजीपीपी या संस्थेच्या आवृत्त्यांपैकी आठवीत एलटीई आणि पंधरावीत पाचवी पिढी प्रथम आली, एवढे माहीत असावे. प्रत्येक आवृत्तीतील सुधारणांच्या याद्या पाठ करण्यात वेळ घालवू नये.

प्रोग्रामिंगचा विभाग असेल तर?

एका भाषेवर पकड असू द्यावी. भाषा बदलत राहू नये. ॲरे, स्ट्रिंग, हॅश तक्ता, शोध, क्रमवारी आणि ग्राफवरील प्राथमिक अल्गोरिदम यांच्यावर बहुतेक प्रश्न आधारलेले असतात. येथे दूरसंचाराशी थेट नाते जोडता येते. डाइक्स्ट्रा यांचा सर्वांत छोट्या मार्गाचा अल्गोरिदम १९५९ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि ओएसपीएफ हा राउटिंग प्रोटोकॉल आजही तोच वापरतो; तो एकदा स्वतः लिहून पाहिला की अल्गोरिदम आणि राउटिंग असे दोन विषय एकत्र पक्के होतात. प्रोग्राम दिलेल्या उदाहरणावर चालला म्हणजे काम झाले, असे समजू नये, कारण गुण लपवलेल्या चाचण्यांवर ठरतात. रिकामा इनपुट, एकच घटक, सर्व घटक सारखे आणि अतिशय मोठा आकडा, या चार स्थिती सादर करण्यापूर्वी तपासाव्यात.

संख्यात्मक क्षमता आणि तर्कक्षमता यांकडे दुर्लक्ष केले तर चालेल का?

चालणार नाही. बऱ्याच परीक्षांत प्रत्येक विभागाची किमान गुणमर्यादा स्वतंत्र असते, त्यामुळे तांत्रिक विभागातील उत्तम गुण येथील उणीव भरून काढू शकत नाहीत. शेकडेवारी, गुणोत्तर, वेळ-काम, संभाव्यता आणि तक्त्यांचे वाचन यांचा रोज थोडा सराव पुरेसा होतो.

चुकीच्या उत्तराला गुण वजा होत असतील तर अंदाजाने उत्तर द्यावे का?

याचे उत्तर भावनेने न देता हिशेबाने द्यावे. चार पर्याय आहेत, बरोबर उत्तराला १ गुण आणि चुकीला एक तृतीयांश गुण वजा होतो, असे धरू. पूर्ण अंदाजाने उत्तर दिल्यास चारांपैकी एकदा १ गुण मिळतो आणि तीनदा मिळून १ गुण जातो, म्हणजे सरासरी लाभ शून्य. पण एक पर्याय खात्रीने बाद करता आला, तर उरलेल्या तिन्हींतून निवड करताना सरासरी एक नवमांश गुणाचा लाभ होतो; दोन बाद करता आले, तर एक तृतीयांश गुणाचा. वजाबाकी एक चतुर्थांश गुणाची असेल, तर पूर्ण अंदाजही किंचित फायद्याचाच ठरतो, आणि वजाबाकी नसेलच तर एकही प्रश्न रिकामा ठेवणे म्हणजे गुण सोडून देणे होय. म्हणून परीक्षा सुरू होण्यापूर्वी गुणपद्धतीची सूचना दोनदा वाचावी. पर्याय बाद करण्यासाठी एकक, चिन्ह आणि परिमाण पाहावे: ग्राहकापर्यंत पोहोचणारी शक्ती प्रेषित शक्तीपेक्षा अधिक दाखवणारा पर्याय साध्या रेडिओ दुव्यात बरोबर असूच शकत नाही.

वेळेचे नियोजन कसे करावे?

विभागागणिक वेळ ठरलेली आहे की एकूण वेळ आपण हवी तशी वाटू शकतो, यावर सारे अवलंबून आहे. वेळ मोकळी असेल, तर पहिल्या फेरीत जे प्रश्न पाहताक्षणी सुटतील तेच सोडवावेत, उरलेले चिन्हांकित करून पुढे जावे आणि दुसऱ्या फेरीत परत यावे. काही परीक्षा मात्र उमेदवाराच्या उत्तरानुसार पुढील प्रश्नाची काठिण्यपातळी बदलतात आणि मागे जाऊ देत नाहीत. अशा परीक्षेत प्रश्न अवघड होत चालले आहेत याचा अर्थ आपली कामगिरी घसरते आहे असा नसून बहुधा उलटाच असतो, हे ध्यानात ठेवले तर धीर सुटत नाही.

घरून परीक्षा देताना देखरेख कशी होते?

कॅमेरा, मायक्रोफोन आणि पडदा या तिन्हींवर लक्ष ठेवले जाऊ शकते. ब्राउझरची दुसरी खिडकी उघडणे, नजर वारंवार बाजूला जाणे, खोलीत दुसरी व्यक्ती येणे किंवा फोन हातात दिसणे, यांची नोंद होऊ शकते. प्रश्न मोठ्याने वाचण्याची सवय असलेल्यांनी ती सरावातच मोडावी, कारण आवाजाचीही नोंद होण्याची शक्यता असते. कच्च्या कामासाठी कागद वापरण्यास आणि कॅल्क्युलेटरला परवानगी आहे का, हे सूचनांत पाहावे. परवानगी नसेल तर सरावही त्याशिवायच करावा. आदल्या दिवशी सूचनांत दिलेली प्रणाली तपासणी त्याच संगणकावर, त्याच जागी आणि त्याच इंटरनेट जोडणीवर करावी. नोटिफिकेशन, आपोआप होणारे अपडेट, संदेशवहनाची ॲप आणि पडदा दुसरीकडे दाखवणारी सॉफ्टवेअर बंद करावीत. ओळखपत्रावरील आणि अर्जातील नावाचे अक्षरलेखन सारखे असल्याची खात्रीही तेव्हाच करून घ्यावी.

परीक्षेच्या मध्येच इंटरनेट बंद पडले तर?

बऱ्याच परीक्षाप्रणाली दिलेली उत्तरे वेळोवेळी साठवतात आणि पुन्हा प्रवेश केल्यावर तेथूनच पुढे जाऊ देतात, परंतु घड्याळ थांबते की चालू राहते हे प्रणालीवर अवलंबून असते. मोबाइलचा हॉटस्पॉट वापरण्यास मनाई नसेल, तर तो आधीच जोडून, तपासून ठेवावा. अडचण आल्यास पडद्यावरील संदेश आणि नेमकी वेळ लिहून घ्यावी आणि मदत केंद्राला तत्काळ, शांत शब्दांत कळवावे. परीक्षा संपल्यावर दोन दिवसांनी केलेल्या तक्रारीपेक्षा त्याच क्षणी केलेल्या नोंदीला अधिक वजन असते.

स्वभावविषयक प्रश्नावलीची तयारी कशी करावी?

तयारी करू नये. प्रामाणिक उत्तरे द्यावीत. एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा विचारून उत्तरांतील सुसंगती पाहिली जाते, त्यामुळे आदर्श दिसण्याच्या प्रयत्नातच विसंगती निर्माण होते. शिवाय रात्रपाळीत नेटवर्कवर लक्ष ठेवण्याचे काम आपल्याला झेपणार नसेल, तर ते आताच स्पष्ट होणे दोघांच्याही हिताचे आहे.

‘फुटलेले’ प्रश्नसंच किंवा कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने वापरावीत का?

परीक्षा सुरू असताना बाहेरची कोणतीही मदत घेणे ही फसवणूक आहे आणि ती उघड झाल्यास उमेदवारी रद्द होते, प्रसंगी नेमणुकीनंतरही. जुने प्रश्न सरावासाठी वापरण्यात गैर काही नाही, परंतु मोठ्या प्रश्नसंग्रहातून प्रत्येकाला वेगळा संच दिला जात असल्याने उत्तरे पाठ करून फारसे हाती लागत नाही. तयारीच्या काळात एखादी संकल्पना समजून घेण्यासाठी संवादी साधनाची मदत घेण्यास हरकत नाही. मात्र त्याने दिलेली आकडेमोड स्वतः पडताळून पाहावी आणि प्रश्न आधी स्वतः सोडवूनच मग विचारावे. सोडवलेले उत्तर वाचताना सारे समजल्यासारखे वाटते, आणि कोरा कागद समोर आला की पहिली पायरीही सुचत नाही, हा अनुभव फार जणांना येतो.

परीक्षेसाठी किंवा नेमणुकीसाठी पैसे मागणारा ईमेल आला आहे. काय करावे?

पैसे देऊ नयेत. खासगी कंपनीच्या भरतीत प्रशिक्षण, नोंदणी किंवा अनामत रकमेच्या नावाखाली उमेदवाराकडून पैसे मागितले गेले, तर ते फसवणुकीचे ठळक लक्षण मानावे. पाठवणाऱ्याच्या पत्त्यातील डोमेन अक्षर न् अक्षर तपासावे, ईमेलमधील दुव्यावर न जाता कंपनीचे अधिकृत संकेतस्थळ स्वतः उघडून भरतीच्या पानावर ती जागा आहे का ते पाहावे, आणि बँकेचा तपशील किंवा ओटीपी कोणालाही सांगू नये. नोकरीच्या ओढीने घाई होते, आणि फसवणारे नेमके त्याच घाईवर विसंबलेले असतात.

निवड झाली नाही तर पुन्हा प्रयत्न करता येतो का?

अनेक कंपन्या ठरावीक कालावधीनंतर पुन्हा अर्ज करू देतात. तो कालावधी त्यांच्या नियमांत दिलेला असतो. परीक्षा झाल्याबरोबर, आठवण ताजी असताना, कोणते विषय अडले ते लिहून ठेवावे. प्रश्न जसेच्या तसे उतरवून प्रसिद्ध करण्यास बहुधा मनाई असते, म्हणून नोंद विषयांचीच असू द्यावी. एक दूरसंचार कंपनी, एक उपकरण उत्पादक आणि एक नेटवर्क सेवा कंपनी यांच्या परीक्षांतील तांत्रिक भाग पुष्कळसा सारखा असतो, त्यामुळे एका ठिकाणची तयारी दुसरीकडे जशीच्या तशी उपयोगी पडते.

परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर मुलाखतीपर्यंत काय करावे?

मुलाखतीत परीक्षेतील विषयच पुन्हा निघतात, फक्त तेथे पर्याय दिलेले नसतात. शॅननचे सूत्र वापरता येणे वेगळे आणि बँडविड्थ अमर्याद वाढवली तरी क्षमता अमर्याद का वाढत नाही, हे फळ्यावर समजावणे वेगळे. याचे कारण असे की बँडविड्थबरोबर आत येणारा नॉइजही वाढतो, आणि ठरावीक सिग्नल शक्तीला क्षमता एका मर्यादेपाशी स्थिरावते. अशी स्पष्टीकरणे मित्राला किंवा मैत्रिणीला मोठ्याने सांगून पाहावीत आणि त्यांना मध्येच ‘का?’ असे विचारायला लावावे. पदवीच्या प्रकल्पाविषयीही हेच करावे: आपण निवडलेला प्रत्येक घटक, प्रत्येक प्रोटोकॉल आणि प्रत्येक आकडा का निवडला, याचे उत्तर आपल्याकडे असावे, आणि प्रकल्पातील जो भाग सहकाऱ्याने केला असेल तो तसा स्पष्ट सांगावा.